गुडघेदुखी, पायऱ्या आणि पिरॅमिड: आईसोबतची इजिप्त सहल

इजिप्तच्या सहलीचे पैसे आम्ही डिसेंबर २०२४ मध्ये भरले, तेव्हा आईला एकाहत्तरावं वर्ष लागलं होतं. कराडजवळच्या शाळेत तिने नोकरी संपेपर्यंत इतिहास शिकवला. नाईलचा नकाशा ती आजही न बघता काढते. दोन्ही गुडघे मात्र कुरकुरतात, आणि जिना उतरताना तिला कठड्याचा आधार लागतो. नेटवर मी बरंच शोधलं. पिरॅमिडचे फोटो हजारोंनी मिळाले, पण कुठे किती चालावं लागतं, किती उतरावं लागतं, न येणाऱ्या माणसाला बसायला जागा कुठे आहे, हे कुणीच नीट लिहिलेलं सापडेना. वयस्कर माणसाला घेऊन येत्या वसंतात निघणाऱ्यांना उपयोग व्हावा म्हणून हे तपशिलात लिहिते आहे.

मार्गदर्शक असलेलीच सहल घ्यायची हे आधीच ठरलं होतं. पुण्यातल्या तीन कंपन्यांकडे चौकशी केली आणि तिन्हीकडे एकच प्रश्न विचारला: बस जिथे थांबते तिथून मंदिराच्या दारापर्यंत किती अंतर आहे? दोघांनी 'फार नाही' म्हणून सोडून दिलं. तिसऱ्या ठिकाणी टूर मॅनेजरने फोनवर अर्धा तास घालवून एकेका जागेचं सांगितलं, म्हणून तिथे बुकिंग केलं. विमानासकट माणशी १ लाख ७२ हजार रुपये. त्यावर ५ टक्के जीएसटी, आणि त्या सगळ्यावर तेव्हाच्या नियमाने ५ टक्के टीसीएस. टीसीएस म्हणजे परदेशी सहलीच्या पॅकेजवर आधीच कापून घेतलेला कर, विवरणपत्र भरलं की तो आपल्या करात वळता होतो किंवा परत मिळतो. इथे एक गोष्ट सांभाळा. आईचे पैसे आईच्याच खात्यातून आणि आईच्याच पॅनवर भरा. मुलांनी एकत्र पैसे भरले की सगळा टीसीएस मुलांच्या नावावर चढतो.

कागदपत्रं मार्चच्या पहिल्या आठवड्यात दिली. पासपोर्ट परतीनंतर सहा महिने वैध असलेला, पांढऱ्या पार्श्वभूमीचे फोटो, सहा महिन्यांचं बँक स्टेटमेंट, विवरणपत्रं, माझं रजेचं पत्र, आईच्या पेन्शनची कागदपत्रं. आईच्या पासपोर्टवर तिचं आणि बाबांचं नाव पूर्ण आहे, तर पेन्शनच्या खात्यावर नुसती आद्याक्षरं. आपल्याकडे निम्म्या बायकांची हीच स्थिती असेल. कंपनीने प्रतिज्ञापत्र मागितलं. नोटरीकडे ५०० रुपयांच्या मुद्रांकावर 'ही दोन्ही नावं एकाच व्यक्तीची' असं लिहून घेतलं, एक दिवस गेला. त्यानंतर नुसती वाट बघायची. रमजान चालू होता, मागोमाग ईदची सुट्टी आली, आणि निघायची तारीख १४ एप्रिल. ८ एप्रिलला संध्याकाळी व्हिसा आल्याचा मेसेज मिळाला. तोपर्यंत आईने बॅग भरायला घेतली नव्हती. 'आधी शिक्का बघू दे' म्हणायची.

तो महिना आम्ही तयारीत घालवला. एक दिवसाआड सकाळी पर्वती. १०३ पायऱ्या, पण उंच आणि उतरत्या, त्यामुळे गुडघ्यांची खरी परीक्षा तिथेच होते. पहिल्यांदा ती निम्म्यावर थांबली, एप्रिलपर्यंत दोनदा टेकून वर पोचायला लागली. घडीची काठी घेतली. विमा काढताना रक्तदाब आणि गुडघे दोन्ही फॉर्ममध्ये लिहिले. विमानतळावरची व्हीलचेअर तिकिटासोबतच मागून ठेवली. तिचे पैसे पडत नाहीत आणि रांगा टळतात. आणि औषधांबद्दल: सांधेदुखीच्या काही गोळ्यांत ट्रॅमाडॉल असतं. इजिप्तमध्ये त्यावर कडक निर्बंध आहेत, परदेशी पर्यटकांना त्यापायी तुरुंगात जावं लागलंय. आईच्या गोळ्यांची प्रत्येक पट्टी डॉक्टरांकडून तपासून घेतली, तसलं काही नाही याची खात्री केली आणि चिठ्ठीची इंग्रजी प्रत सोबत ठेवली.

१४ एप्रिलला मुंबईहून थेट विमानाने सहा-साडेसहा तासांत कैरो. घड्याळ साडेतीन तास मागे. विमानतळावरच थोडे डॉलर बदलले, तेव्हा एका डॉलरला ५० पौंडांच्या आसपास मिळत होते. बदलताना सुट्टे मागून घ्या. दहा आणि वीस पौंडांच्या नोटा सोन्यासारख्या जपाव्या लागतात, कारण स्वच्छतागृह, हमाल, बोटवाला, थडग्यातला रखवालदार, सगळीकडे बक्षिशी चालते. याउलट सरकारी स्मारकांच्या तिकीटखिडक्यांवर रोख बहुतेक घेतच नाहीत, कार्डच लागतं. आमची मुख्य तिकिटं पॅकेजमध्ये होती, पण जादा तिकिटं आपली आपण काढायची होती, त्यामुळे परदेशात चालणारं कार्ड उपयोगी पडलं.

१५ ला गिझा. एप्रिल २०२५ मध्येच तिथे नवी व्यवस्था सुरू झाली होती. प्रवेश फायूम रस्त्याच्या बाजूने आणि आत विजेच्या बस. आई आणि तिच्या वयाच्या लोकांना याचा फार फायदा झाला, कारण पठार विस्तीर्ण आहे आणि एका पिरॅमिडपासून दुसऱ्यापर्यंतची चाल उन्हात जीव काढते. खुफूच्या पिरॅमिडच्या आत जायचं तिकीट वेगळं. आई बाहेर थांबणार हे आम्ही पुण्यातच ठरवलं होतं, मी एकटी गेले.

आत काय आहे ते सांगते, म्हणजे ज्याचं त्याला ठरवता येईल. आधी बाहेरून दगडाच्या पायऱ्यांनी थोडं वर चढायचं. मग नवव्या शतकात खलिफा मामूनच्या माणसांनी पाडल्याचं मानलं जाणारं भगदाड, त्यातून ताठ चालता येतं. पुढे चढता बोळ लागतो. जेमतेम सव्वा मीटर उंच, तीव्र चढ, पायाखाली आडव्या पट्ट्या मारलेली फळी, आणि समोरून उतरणारी माणसं. कमरेत वाकून चढत राहायचं. बोळ संपला की एकदम साडेआठ मीटर उंचीची मोठी वीथी उघडते, दोन्ही भिंती वर जाताना दगडाच्या थराथराने आत सरकलेल्या. तिथे मान वर करून उभी राहिले तेव्हा मांड्या थरथरत होत्या आणि खाली उतरावंसं वाटत नव्हतं. शेवटी पुन्हा वाकून राजाच्या दालनात. लाल ग्रॅनाइटच्या भिंती, छताला नऊ प्रचंड शिळा, एका कडेला झाकण नसलेली दगडी पेटी. नक्षी नाही, अक्षर नाही. हा ग्रॅनाइट आठेकशे किलोमीटरवरच्या अस्वानहून नदीतून आणलेला. भिंतीतल्या दोन शिळांच्या सांध्यावर मोबाइलचा उजेड पाडून पाहिला, नख घालायलाही जागा नाही. हवा कोंदट असते. दमा, हृदयविकार किंवा बंद जागेची भीती असेल तर बाहेर थांबलेलंच बरं.

मी बाहेर आले तर आई सावलीत एका कैरोच्या कुटुंबाबरोबर बसलेली. त्यांच्या मुलीला वहीत नाव देवनागरीत लिहून देत होती.

दुपारी ग्रँड इजिप्शियन म्युझियम. तेव्हा मुख्य दालनं खुली होती, तुतनखामुन राजाची नव्हती. इमारतीत सरकते जिने आहेत, लिफ्ट आहेत, बाक आहेत. गुडघेदुखीवाल्यांना इथे निवांत वेळ काढता येतो.

१६ ला पहाटेच्या विमानाने अस्वान. आमच्या सहलीतलं मला सगळ्यात लागलेलं ठिकाण इथलं: फिले. इसिस देवीचं हे देऊळ अस्वानच्या धरणाच्या पाण्यात बुडत होतं. युनेस्कोच्या मोहिमेत ते दगड दगड सुटं करून शेजारच्या अगिल्किया बेटावर उभारलं आणि १९८० मध्ये खुलं झालं. बोटीने जावं लागतं. धक्का आणि बोट यांच्यात पाऊलभर फट असते, बोट हलत राहते. बोटवाल्याने आईला दोन्ही हातांनी धरून आत घेतलं. 'मामा, श्वई श्वई' म्हणत होता. म्हणजे आई, सावकाश, सावकाश.

आमचा गाइड इजिप्तशास्त्र शिकलेला, परवानाधारक. आईने त्याला माझ्यामार्फत विचारलं की चित्रलिपीतला शेवटचा लेख इथेच आहे ना? तो थांबलाच. गटाला मोकळा वेळ देऊन तो आम्हा दोघींना हेड्रियनच्या दरवाजाकडे घेऊन गेला. तिथे मंदुलिस या नुबियन, म्हणजे दक्षिणेकडच्या नुबिया प्रांतातल्या, देवाची आकृती आहे आणि तिच्याजवळ वेड्यावाकड्या वळणाच्या थोड्या ओळी. २४ ऑगस्ट ३९४ ही त्यांची तारीख. एका पुजाऱ्याने त्या कोरल्या, आणि त्यानंतरचा तारीख असलेला चित्रलिपीतला दुसरा लेख आजवर सापडलेला नाही. लक्सरच्या कर्नाक देवळातल्या खांबांवरची अक्षरं बघाल तर ती छापल्यासारखी रेखीव आहेत, ही मात्र घाईत लिहिल्यासारखी वाटतात. पुढे ही लिपी कुणाला वाचता येईना, ती शांपोलियों या फ्रेंच अभ्यासकाने १८२२ मध्ये उलगडेपर्यंत. आई बराच वेळ त्या ओळींसमोर उभी होती. "मी शिकवताना शांपोलियोंपासून सुरुवात करायचे," ती म्हणाली, "शेवट कुठे झाला ते कधी सांगितलंच नाही मुलांना." माझ्या डोळ्यांत पाणी आलं. फिलेला जाणार असाल तर गाइडला हा दरवाजा आधीच सांगून ठेवा, नेहमीच्या फेरीत तो राहून जातो.

त्याच दिवशी अर्धवट सोडलेला ओबेलिस्क, म्हणजे एकसंध दगडाचा उंच स्तंभ, होता. खाणीतच तडा गेला म्हणून टाकून दिलेला, सुमारे ४२ मीटरचा. तिथे चढ आणि ओबडधोबड पायऱ्या असल्याने आई बसमध्येच थांबली. संध्याकाळी नाईलवरच्या जहाजावर सामान टाकलं.

१७ ला पहाटे चारला अबू सिंबल. अस्वानहून एका बाजूला २८० किलोमीटर, साडेतीन तास. जहाजाने नाश्त्याचे डबे बांधून दिले होते. मधे एकच थांबा, तिथल्या स्वच्छतागृहाला सुट्टे लागतात आणि रांग मोठी असते. सहलीचे कार्यक्रम छापताना हा दिवस 'ऐच्छिक' म्हणून दाखवतात, आणि वयस्कर लोक प्रवासाला घाबरून तो गाळतात. माझं मत अगदी उलट आहे. दिवसभर चालण्यापेक्षा बसून सात तास जाणं आईला सोपं गेलं. उतरल्यावर टेकडीला वळसा घालून खाली जायचं, परत येताना चढ. वेळ घेतला तर जमतं.

वळसा संपतो आणि डावीकडे रामसेस दुसरा. वीस मीटरहून उंच चार बसलेल्या मूर्ती. दुसरीचा वरचा भाग प्राचीन काळीच भूकंपात कोसळला. धरणाच्या पाण्यातून वाचवायला हे देऊळ हलवताना तिचं डोकं आणि धड पुन्हा वर बसवलं नाही, जसे पडले होते तसेच पायाशी मांडले. १९६४ ते १९६८ या काळात अख्खं देऊळ कापून ६५ मीटर वर आणि सुमारे दोनशे मीटर मागे नेलं, मागची टेकडीसुद्धा कृत्रिम आहे, हे समोर उभं राहून खरं वाटत नाही. धरणाआधी नुबियातल्या जागा वाचवायला जगभरातून पथकं आली होती. आपल्या पुरातत्त्व खात्याचंही एक पथक बी. बी. लाल यांच्या नेतृत्वाखाली १९६१-६२ मध्ये तिथे उत्खननाला गेलं होतं. आईने ही गोष्ट बसमध्ये माइकवर गटाला सांगितली. शिकवण्याचा तो आवाज मी खूप वर्षांनी ऐकला.

आतली जमीन जवळपास सपाट आहे, त्यामुळे काठी घेऊन थेट गाभाऱ्यापर्यंत जाता येतं. शेजारचं त्याच्या राणीचं, नेफरतारीचं देऊळ लहान आहे, पण चुकवू नका. दर्शनी भागात राणीच्या मूर्ती राजाच्या मूर्तींइतक्याच उंच आहेत, आणि असं इजिप्तमध्ये क्वचित दिसतं.

दुपारी जहाज सुटलं. कोम ओंबोचं देऊळ धक्क्यालाच लागून आहे, संध्याकाळी तासाभरात होतं. मगरींच्या ममींचं छोटं संग्रहालय बघायलाच हवं. १८ ला एडफू. तिथे धक्क्यापासून देवळापर्यंत घोडागाडीने नेतात. घोड्यांची अवस्था बघवली नाही, आणि आईला उंच पायरीवर चढताही आलं नसतं. टूर मॅनेजरला आदल्या रात्री सांगितलं होतं म्हणून आम्हा सहाजणांसाठी मोटार आली.

एस्नाच्या जलपाशाआधी (जहाजाला वेगळ्या पाणीपातळीवर नेणारा दरवाजांचा हौद) जहाज थांबलं की छोट्या होड्या दोर टाकून त्याला चिकटतात. होडीत उभं राहून विक्रेते चादरी, शाली, झगे प्लास्टिकच्या पिशवीत घालून चार मजले वर गच्चीवर फेकतात. पसंत पडलं तर त्याच पिशवीत पैसे घालून खाली टाकायचे, नाहीतर माल परत. "हिंदी? अमिताभ बच्चन!" अशी हाक खालून आली आणि आईच्या पायाशी निळी शाल येऊन पडली. तो सातशे म्हणाला, आई दोनशेला हटून बसली, अडीचशेला सौदा झाला. पैसे टाकल्यावर तो खालून सलाम करून पुढच्या जहाजाकडे वळला. एक सूचना: रात्री धक्क्यावर जहाजं एकमेकांना खेटून उभी करतात आणि किनाऱ्यावर जायला दोन-तीन जहाजांच्या लॉबीतून जावं लागतं. उंबरे उंच असतात, अंधारात आईबाबांचा हात सोडू नका.

१९ ला लक्सरचा पश्चिम किनारा, सहलीतला सगळ्यात दमवणारा दिवस. सहालाच निघालो, कारण दहानंतर दरीत उभं राहवत नाही. राजांच्या दरीत एका तिकिटावर तीन थडगी बघता येतात. तुतनखामुन, सेती पहिला, रामसेस सहावा यांना जादा तिकीट. गाइडना थडग्यांच्या आत बोलू देत नाहीत, ते बाहेरच समजावून सांगतात. त्यामुळे बाहेरचं बोलणं नीट ऐका, आत काय शोधायचं ते त्यातच असतं. आईसाठी आम्ही रामसेस चौथ्याचं थडगं निवडलं. सरळ, रुंद, सौम्य उताराचं. मेरेनप्ताहच्या थडग्यात खोल उतरावं लागतं, ते तिने सोडलं. रामसेस चौथ्याच्या शेवटच्या दालनात छतावर नूत ही आकाशदेवी दोनदा रंगवली आहे, पाठीला पाठ लावून, निळ्या-पिवळ्या रंगात. तीन हजारांहून जास्त वर्षांचे रंग आहेत ते! बाहेरच्या पांढऱ्या उन्हातून आत आल्यावर आई दोन मिनिटं बोलली नाही, मग म्हणाली, "पुस्तकात हे काळंपांढरं होतं."

तुतनखामुनचं थडगं तिला सोळा पायऱ्या उतरून जमलं. ते अगदी लहान आहे, आणि त्याची ममी अजून तिथेच काचेच्या पेटीत आहे. हॅटशेपसूट या राज्य करणाऱ्या राणीच्या देवळापाशी विजेच्या गाड्या पायथ्यापर्यंत नेतात, पुढचे उतार लांब आहेत. आई पहिल्या गच्चीपर्यंत आली. मी मधल्या गच्चीवर जाऊन पुंत देशाच्या मोहिमेचे, टोपल्यांत रोपं घालून नेणाऱ्या माणसांचे फोटो काढून तिला दाखवले.

कर्नाक संध्याकाळी. १३४ खांबांचं दालन, मधले बारा सुमारे २१ मीटर उंच. जमीन सपाट, बसायला दगड पुष्कळ. इथे घाई करणाऱ्या गटाबरोबर जाऊ नका.

जेवणाचं थोडक्यात: शाकाहारी माणसाचे हाल होत नाहीत. फूल म्हणजे बाकल्याच्या दाण्यांची उसळ, तामिया म्हणजे त्याच दाण्यांचे तळलेले वडे, ताजी बलादी रोटी सगळीकडे मिळते. भात, मसूर, मॅकरोनी, हरभरे आणि तळलेला कांदा यांची कोशरी आईला इतकी आवडली की कैरोत दोनदा खाल्ली. करकदे म्हणजे लाल अंबाडीच्या बोंडांचं सरबत, गार करून पितात. बर्फ मात्र टाळला.

२० ला लक्सरचं देऊळ बघून विमानाने कैरो. त्या दिवशी ईस्टर होता आणि दुसऱ्या दिवशी, सोमवारी, शम्म अन-नसीम. वसंताचा सण, मुसलमान आणि ख्रिस्ती दोघंही साजरा करतात. नाईलकाठी जागा मिळेल तिथे कुटुंबं चटया टाकून बसली होती. रंगवलेली अंडी, कांद्याच्या पाती, आणि फसीख नावाचा खारवलेला मासा, ज्याचा वास बसच्या बंद काचेतून आत येत होता. गर्दीमुळे गाइडने आम्हाला आठलाच बाहेर काढलं. आधी तहरीर चौकातल्या जुन्या संग्रहालयात तुतनखामुनचा सोन्याचा मुखवटा, मग फुस्तातच्या राष्ट्रीय संग्रहालयात राजांच्या ममी. तिथे फोटो काढू देत नाहीत, उजेड मंद असतो आणि उतरती वाट लागते. हॅटशेपसूटचं देऊळ परवा पाहिलं आणि आज तीच समोर. आई हात जोडून पुढे सरकली.

मुखवटा आता जागेवरून हलला आहे. ग्रँड म्युझियम नोव्हेंबर २०२५ मध्ये पूर्ण उघडलं आणि तुतनखामुनच्या पाच हजारांहून जास्त वस्तू तिथे एकत्र आल्या. तुमच्या कार्यक्रमात त्याला दीड तास ठेवला असेल तर बुकिंगच्या वेळीच अर्धा दिवस मागून घ्या. आणि मार्च ते मे या काळात खमसीन वारा कधीही सुटतो, वाळूने आकाश पिवळं होतं. ओढणी आणि गॉगल हाताशी असू द्या.

२२ ला परतलो. पॅकेजखेरीज दोघींचे मिळून बक्षिशी, जादा तिकिटं आणि खरेदी धरून पस्तीस हजारांच्या आसपास गेले. आईचे गुडघे दोन दिवस सुजले, मग उतरले. सप्टेंबरमध्ये विवरणपत्र भरलं आणि टीसीएसचे नऊ हजार तिच्या खात्यात परत आले. ते तिने वेगळे ठेवलेत, अंकोर वाटसाठी. तिथल्या पायऱ्यांची चौकशी मी सुरू केली आहे.